निरोगी गटातला नवरा

चपलेचा अंगठा निसटला म्हणून ती रस्त्याच्या कडेला थांबली, एवढंच खरं तर झालं. रविवारची सकाळ होती, दहा वाजून गेले होते, भाजीची पिशवी तिच्या हातात होती आणि कोपऱ्यावरून वळलं की घराचं फाटक होतं. पिशवी गुडघ्यांत धरून, एका पायावर तोल सावरत ती अंगठा परत भोकात खुपसत होती, तेव्हा वाकल्या वाकल्या तिला मागचे बूट दिसले. नवऱ्याचे बूट. तेही थांबले होते. "व्हा ना पुढे, दार उघडा तोवर, मी आलेच," ती म्हणाली. किल्ली त्याच्याच खिशात होती. "असू दे गं, घाई कसली," तो म्हणाला आणि उभाच राहिला. पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत होते, डावीकडे त्यांची गल्ली आणि उजवीकडे छापखान्याची. त्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं आणि मग अगदी सहज, वर्दळ बघता बघता नजर फिरावी तशी, तिच्याकडे पाहिलं. अंगठा बसला. ती चालू लागली, डावीकडे वळली, आणि मागोमाग त्याची पावलं आली. पिशवीतल्या कोथिंबिरीची जुडी नीट आहे ना हे तिने चाचपून पाहिलं आणि फाटक उघडलं.

हा माणूस आयुष्यभर पुढे चालत आला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्यामागून धावून धावून ती मेटाकुटीला आली होती, आणि भर रस्त्यात थांबून तिने विचारलं होतं, तुम्ही लग्न केलंय की शर्यत लावलीय. तो हसला, दहा पावलं तिच्याबरोबर चालला आणि अकराव्या पावलाला पुन्हा पुढे. नकाशे काढायचं त्याचं काम. भूमापनाच्या कचेरीत उंच स्टुलावर बसून त्याने पस्तीस वर्षं रस्ते, नाले, हद्दी आणि विहिरी कागदावर उतरवल्या, आणि त्यामुळे की काय, जमीन ही आपल्याला विचारल्याशिवाय वळत नाही असा त्याचा समज होता. परक्या गावात उतरल्यावर कुणाला वाट विचारायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. ती म्हणायची, विचारा की त्या दुकानदाराला. हा मान वर करून सूर्य कुठे आहे ते बघायचा आणि तरातरा निघायचा. दोनदा भलत्याच गावच्या गाडीत बसले होते दोघं, पण विचारलं नाही ते नाहीच. असा माणूस गेले सहा महिने तिच्या मागून चालत होता. फार मागे नाही, अर्धं पाऊल. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं असंही नाही. आलं होतं, आणि ती सुखावली होती. परगावी असलेल्या मुलीला तिने फोनवर सांगितलंसुद्धा होतं, तुझे बाबा म्हातारपणी माणसांत आले, माझ्या चालीनं चालतात आता. दुसऱ्या कुणा बाईने आपल्या नवऱ्याबद्दल हेच सांगितलं असतं, तर तिने तत्काळ पेनचं टोपण काढलं असतं.

कारण तिचं तेच काम होतं. मेंदूच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या त्या चार मजली केंद्रात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका लहानशा खोलीत ती सत्तावीस वर्षं माणसांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेत होती. तळघरात थंड कपाटांमध्ये लोकांनी मरणोत्तर दिलेले मेंदू होते, पहिल्या मजल्यावर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढून रंगवत, दुसऱ्यावर ते भिंगाखाली बघत. पेशी मरायला का लागतात, एक प्रथिन नाल्यात गाळ साचावा तसं मेंदूत का साचत जातं, आणि काहींच्यातच का, हे तिथले लोक शोधत होते. पण त्या मेलेल्या मेंदूंचे जिवंतपणी काय हाल होते हे कळायचं तिसऱ्या मजल्यावरून, तिच्या कागदांवरून, आणि याचा तिला मनातून थोडा ताठा होता. तीस गुणांचा कागद. आजची तारीख, शंभरातून सात वजा करत जाणं, घड्याळ काढणं, पाच शब्द ऐकणं आणि पाच मिनिटांनी तेच शब्द सांगणं. सगळे तिला ताई म्हणत. कपाळावर आठी न आणता, हो पण नाही आणि नाही पण नाही अशा चेहऱ्याने ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि एक गोष्ट तिला कुठल्याही गुणांपेक्षा जास्त सांगून जायची. प्रश्न विचारला की माणूस आधी शेजारच्या खुर्चीतल्या बायकोकडे किंवा नवऱ्याकडे बघतो. उत्तर तिथे ठेवलंय आणि आपण फक्त ते आणायला जातोय, असं. ती समासात लिहायची, मान वळवतो. शेकडो कागदांच्या समासात तिच्या बारीक अक्षरात ते दोन शब्द होते. आणि आता ओट्यापाशी उभं राहून भेंडी पुसताना तिच्या मनात आलं, मागून चालणाऱ्याला मान वळवावी लागत नाही.

आत तो पेपर वाचत बसला होता. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मग आला, आणि तिच्या जिवात जीव आला. आपण काहीच्या बाही विचार करतोय, तिने स्वतःला दटावलं. घरचा माणूस निरोगी आहे, तसं कागदोपत्री सिद्ध झालेलं आहे. कारण तो निरोगी गटातला होता. आजार ओळखायचा तर आजार नसलेली माणसंही मोजावी लागतात, म्हणून केंद्राने सात वर्षांपूर्वी एकशे चाळीस धडधाकट माणसं निवडली होती आणि दरवर्षी त्यांना तोच कागद देऊन त्यांची म्हातारपणाकडची वाट आखली जात होती. सात वर्षांत तिच्या नवऱ्याने तीसपैकी एकही गुण जाऊ दिला नव्हता. दरवर्षी शेजारच्या खोलीतून बाहेर आला की तो तिच्या दारात डोकावून विचारायचा, "पास?" आणि ती म्हणायची, "पास." घाबरावं असं यात काही नव्हतं. पण भेंडी पुसणारा हात मधेच थांबला होता, कारण हा कागद त्याला कुणी शिकवला होता हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

लग्नाला वर्ष होत होतं, तिला केंद्रात नुकतीच नोकरी लागली होती, आणि सांगणाऱ्याचा आवाज कसा असावा, दोन शब्दांत किती थांबावं, हे तेव्हाच्या प्रमुखांनी तिच्याकडून घोटून घ्यायचं ठरवलं होतं. शब्द सेकंदाला एक, वर नाही खाली नाही, आणि भुवई हलता कामा नये. सरावाला माणूस हवा. घरी एकच माणूस होता, आणि तो नवा कोरा नवरा होता. कागद केंद्राबाहेर न्यायचा नाही हा नियम पहिल्या दिवशीच सांगितला होता. तिने तो पर्समध्ये घालून घरी नेला. स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसत, तिच्या हातात घड्याळ, त्याच्यासमोर चहा. कंदील. रेशीम. पूल. गाजर. मावशी. पहिल्या दिवशी त्याला तीन आठवले, दुसऱ्या दिवशी पाचही, आणि महिन्याभरात तो झोपेतही म्हणेल इतके अंगात भिनले. त्याला तिची भुवई हलवायची असायची. मावशी म्हणताना तो असा काही चेहरा करायचा की ती फिस्सकन हसायची आणि पहिल्यापासून सुरुवात व्हायची. दोनशे वेळा तरी झालं असेल. मग ते पाच शब्द घरातच राहिले. दुकानात जाताना काय आणायचं विचारलं की ती म्हणायची, कंदील, रेशीम, पूल, गाजर आणि अर्धा लिटर दूध. भांडण मिटवायचं असलं की तो दुसऱ्या खोलीतून मोठ्याने म्हणायचा, कंदील, आणि तिने रेशीम म्हटलं की मिटलं. मुलगी झाली, रात्रंदिवस रडायची, तेव्हा तिला खांद्यावर टाकून खोलीभर फेऱ्या घालत तो हेच पाच शब्द अंगाई म्हणून म्हणायचा, सेकंदाला एक, वर नाही खाली नाही. बाळ झोपायचं. प्रमुखांनी पुढे तिच्या आवाजाची वाखाणणी केली. बाकीच्यांना तिचं उदाहरण देऊ लागले.

आणि मग सात वर्षांपूर्वीची ती एक खूण. गट भरत आला होता, दोन माणसं कमी पडत होती, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तिने नवऱ्याचा अर्ज भरला. पाचवा प्रश्न होता, ही चाचणी यापूर्वी पाहिली किंवा दिली आहे काय. तिचं पेन क्षणभर अडलं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, टेबलावरचा खेळ, ती काय चाचणी म्हणायची. निरोगी माणूस निरोगीच राहणार, त्याच्या गुणांनी कुणाचं काय बिघडतंय. तिने नाहीच्या चौकोनात बरोबरची खूण केली. किती लहान खूण होती ती. चार मजल्यांच्या त्या इमारतीत भिंगाखाली याहून लहान गोष्टी बघत बसतात लोक, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही.

बुधवारी धुण्याला कपडे टाकताना तिने सवयीने त्याच्या सदऱ्याचे खिसे पाहिले. वरच्या खिशात चारदा घडी घातलेला कागद निघाला. औषधाची चिठ्ठी असेल म्हणून तिने उलगडला, तर नकाशा. पेन्सिलीने काढलेला, पट्टी न लावताही सरळ रेघांचा. त्यांची गल्ली, छापखान्याची गल्ली, दूधवाला, भाजीचं दुकान, न्हावी, बँक, बस थांबा. वर कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली प्रमाण, शंभर पावलं म्हणजे एक बोट. वळणावर बारीक अक्षरात, इथे निळा पत्रा दिसतो, इथून डावीकडे. हात जराही कापलेला नव्हता. इतका देखणा नकाशा की कुणीही चौकटीत घालून भिंतीवर लावला असता. आणि गल्लीच्या आत, जिथे त्यांचं घर, तिथल्या चौकोनात त्याने घर असं लिहिलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ही. अठ्ठावीस वर्षं लोकांशी बोलताना तो तिला तेच म्हणत आला होता, हिला विचारतो, ही येईलच आता. ती न्हाणीघराच्या उंबरठ्यावर तशीच बसली. कागदाच्या घड्या मऊ झाल्या होत्या, म्हणजे खिशात बरेच दिवस होता. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही, नळ मात्र सोडून ठेवला. मग तोंड धुतलं, नकाशा पुन्हा चारदा घडी करून दुसऱ्या, धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि तो सदरा खुंटीवर अडकवला.

गुरुवारी त्याची वार्षिक चाचणी होती. नात्यातल्या माणसाची परीक्षा घ्यायची नाही हा नियम तरी ती पाळत होती, शेजारच्या खोलीतली सहकारीण ती घ्यायची. ती आपल्या खोलीत बसून भिंतीकडे कान लावून होती. शब्द ऐकू येत नव्हते, नुसती लय येत होती. वीस मिनिटांनी तो दारात आला, केस नीट विंचरलेले, वरच्या खिशात घडीचा कागद. "पास?" त्याने विचारलं. मागून सहकारीण हसत आली, तीसपैकी तीस, यांचं घड्याळ म्हणजे भिंतीला टांगावं असं, म्हणाली. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्याही तेवढ्यात जिन्यावरून आल्या. सोमवारीच ताईंचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी खोदून विचारलं होतं, तेव्हा तिने अर्धंमुर्धं सांगितलं होतं. मॅडमनी कागद पाहिला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, झोपा आता शांत, या वयात वाटा थोड्या इकडेतिकडे होतात सगळ्यांच्याच. किती गोड वाटलं तिला ते. एक पूर्ण मिनिटभर तिने ते मानलं. तीस हा आकडा कागदावर शाईने लिहिलेला होता, त्याखाली सही होती, आणि गप्प बसण्यापलीकडे तिला काहीही करायचं नव्हतं.

पण गप्प बसणं म्हणजे काय, तेही तीच जाणून होती. महिन्यापूर्वी केंद्रात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली होती. महिन्यातून एकदा सलाइनमधून द्यायचं, साचलेला गाळ विरघळवणारं. गेलेलं परत आणत नाही, उरलेलं जरा जास्त दिवस टिकवेल अशी आशा. आजार अगदी सुरुवातीला असेल तरच उपयोग, म्हणून अठरा ते चोवीस गुणांचीच माणसं घेत होते. आणि घेतलेल्यांतल्या अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, कुणाला काय हे दीड वर्षं कुणालाच कळणार नव्हतं. नावं घ्यायची मुदत मंगळवारपर्यंत. तीस गुणवाल्याला तिथे दार बंद. तिने स्वतः शिकवलेल्या पाच शब्दांनी ते दार बाहेरून लावून घेतलं होतं, आणि वर तिचा नवरा पास झाला म्हणून हसत होता.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर तिने त्याच्या सदऱ्यातून कागद काढला आणि टेबलावर उलगडला. टेबल आता पत्र्याचं नव्हतं, बाकी मांडणी तीच होती. तो नकाशाकडे बघत राहिला. लाजला नाही, दचकला नाही. बोटाने न्हाव्याचं दुकान जरा पुसल्यासारखं केलं.

"प्रमाण बरोबर आलंय ना?" त्याने विचारलं.

"आलंय," ती म्हणाली. "कधीपासून?"

पावसाळ्याच्या आधीपासून, तो म्हणाला. एकदा बँकेतून निघाला आणि रस्ता ओळखीचाच होता, पण तो कुठे जातो ते आठवेना. माणूस ओळखीचा असावा आणि नाव सुचू नये, तसं. बाकावर बसून राहिला, मग एक निळा पत्रा दिसला आणि सगळं आपोआप जागेवर आलं. घरी येऊन नकाशा काढला. तिच्या मागून चाललं की नकाशाही लागत नाही, हे नंतर कळलं. हे सगळं तो कचेरीतली जुनी गंमत सांगावी तशा आवाजात सांगत होता, आणि ती भुवई न हलवता ऐकत होती, कारण दुसरं काही तिला येत नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय, तुझा निरोगी गट बिघडला असता," तो म्हणाला. "सात वर्षं तीस आणले, आता कुठे नापास होऊ? काल ते पाचच काय ते लख्ख आठवले बघ. तारीखसुद्धा मी येताना फाटकावरच्या पाटीवर वाचून ठेवली होती."

तिला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ हुंदका. म्हणजे तो निरोगीच राहणार या भरवशावर ती कागदावर खोटं लिहून बसली होती आणि तो तिला जपायला तो कागद पाठ करून येत होता, आणि दोघांच्या या प्रेमाच्या मधोमध आजार निवांत वाढत होता. इतकं प्रेम कुणी कुणावर करू नये, तिला वाटलं. मग वाटलं, दुसरं तरी काय करणार होतो आपण. तिने त्याला औषधाबद्दल सांगितलं, गाळाबद्दल, मंगळवारच्या मुदतीबद्दल, मिठाच्या पाण्याबद्दल. जुनी खूण कबूल करावी लागेल हेही सांगितलं.

"पाणी निघालं तर?"

"निघालं तर निघालं."

"आणि तुझी नोकरी?"

"ती माझी मी बघते."

 चहाच्या कपाचा कान त्याने उजवीकडून डावीकडे फिरवला. "तो दुसरा कागद कसा असतो?" त्याने विचारलं. "सांगणार नाही," ती म्हणाली, आणि तो जुन्यासारखा मोठ्याने हसला. "अठ्ठावीस वर्षांनी प्रामाणिक झालीस," म्हणाला.

मोठ्या मॅडमना सांगायला तिला चार वाक्यं लागली. ती तिने येताना बसमध्ये जुळवली होती आणि सेकंदाला एक शब्द अशी म्हणून टाकली. मॅडमनी चष्मा काढला आणि अंगातल्या पांढऱ्या कोटाच्या टोकाने पुसत राहिल्या, काच कधीच स्वच्छ झाली होती तरी. सात वर्षांचे सात कागद बाद करावे लागतील, त्या म्हणाल्या. त्या गटावरून दोन निबंध छापून गेले होते, त्यांत दुरुस्ती कळवावी लागेल. समितीला पत्र जाईल, आणि समिती काय ते ठरवेपर्यंत ताईंनी कुणाचीही परीक्षा घ्यायची नाही. कदाचित त्यानंतरही नाही. ती मान हलवत गेली. हे सगळं तिला ठाऊक होतं, आपल्या खोलीची किल्ली तिने जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली. "बोलल्या नसतात तर कुणाला कधी कळलंही नसतं, ताई," मॅडम म्हणाल्या, रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारखं. "मला कळलेलं होतं ना," ती म्हणाली. मॅडमनी चष्मा घातला आणि सोमवारची वेळ लिहून दिली. नवा कागद, जो त्याने कधी पाहिला नव्हता. परीक्षा सहकारीण घेईल. नातेवाईक म्हणून ताईंनी बरोबर यावं.

सोमवारी सहकारिणीच्या खोलीत नातेवाइकाची खुर्ची भिंतीला लागून होती, आणि ती डुगडुगते हे तिला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं. इतक्या बायका आणि इतके नवरे या डुगडुगत्या खुर्चीवर बसून गेले आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही, याची तिला लाज वाटली. नियम तिला पाठ होता, नातेवाइकाने बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, शक्यतो खाली बघायचं. ती खाली बघत होती. फरशीला दाराच्या दिशेने जाणारी एक बारीक चीर होती. सहकारिणीने शब्द सांगितले, बादली, वकील, मीठ, डोंगर, घंटा, आणि त्याने ते लगेच मागोमाग म्हणून दाखवले, शहाण्या मुलासारखे. मग घड्याळ. अकरा वाजून वीस मिनिटं दाखवा. त्याची पेन्सिल कागदावरून फिरल्याचा आवाज आला, एका दमात पूर्ण वर्तुळ, जसं फक्त त्यालाच जमायचं. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. आकडे छापल्यासारखे. काटे पावणेतीनवर. जुन्या कागदावर पावणेतीन असायचे.  आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाचे गुण कमी पडावेत म्हणून जीव मुठीत धरून बसली होती, आणि तो माणूस तिचा होता. चुका, चुका ना, ती मनात म्हणत होती, पण फार नको, अठराच्या खाली नको. आणि त्याच वेळी तिच्या जिभेवर बादली, वकील, मीठ आपोआप येत होतं, दात घट्ट मिटून ती ते आत अडवत होती.

शंभरातून सात वजा करून झालं. पाच मिनिटं भरली. मघाशी पाच शब्द सांगितले होते, सहकारीण म्हणाली, आठवतील तेवढे सांगा.  खुर्ची करकरली, तिची नाही, त्याची. तिने वर पाहिलं तेव्हा त्याने मान वळवलेली होती. तो तिच्याकडे बघत होता. अगदी निर्धास्त, उत्तर तिच्यापाशी आहे आणि ती ते देणारच याबद्दल तीळभर शंका नसलेला तो चेहरा तिने शेकडो वेळा पाहिला होता, पण नेहमी बाजूने, टेबलाच्या पलीकडून. समोरून तो असा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. समासात दोन शब्द लिहून मोकळं होण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने डोळे खाली वळवले नाहीत. नियम मोडला असेल तर मोडला. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, ओठ न हलवता, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी सापडलं असावं, कारण तो हसला, सहकारिणीकडे वळला आणि बाळाला खांद्यावर घेतल्यासारख्या हळू आवाजात म्हणाला, "कंदील. रेशीम. पूल. गाजर. मावशी."

सहकारिणीचं पेन थांबलं. तिने ताईंकडे पाहिलं नाही, याबद्दल ताई तिची जन्मभर ऋणी राहील. मग तिने त्या रकान्यात शून्य लिहिलं, बेरीज केली, एकवीस. कागद पालथा घालून तिने दुसरा घेतला, नातेवाइकांचा. त्यावरचा पहिला प्रश्न ताईंनीच कधीतरी सोपा करून लिहिला होता. गेल्या वर्षभरात यांच्यात काही बदल जाणवला का. या प्रश्नावर किती बायका खोटं बोलतात ते तिला ठाऊक होतं. छे, काही नाही, पूर्वीपासूनच विसराळू आहेत. आपण ते निमूट लिहून घेताना मनातून किती शहाण्या समजायचो स्वतःला, तिला वाटलं. तो शेजारीच होता, ऐकत होता.

"हो," ती म्हणाली. "आधी ते माझ्या पुढे चालायचे. सहा महिने झाले, मागून चालतात. अर्धं पाऊल." सहकारिणीने जसंच्या तसं लिहून घेतलं. आणखी काही, तिने विचारलं. आणखी होतं, नकाशा होता, निळा पत्रा होता, ती एक एक सांगत गेली, आणि तो अधूनमधून मान डोलवत होता, तिसऱ्याच कुणाची गोष्ट चालल्यासारखा.

बाहेर वऱ्हांड्यात दोघं आले तेव्हा दुपार होत आली होती. वऱ्हांड्याला तीन दारं होती आणि तिच्या खोलीच्या दाराला कुलूप होतं. तो त्या कुलपाकडे बघत थांबला, मग तिच्याकडे वळून, दरवर्षीसारखा, म्हणाला, "पास?"

"नापास," ती म्हणाली. "एकवीस. उद्या डोक्याचा फोटो काढायचा आहे, रक्त द्यायचं आहे. ते जमलं की घेतील तुम्हाला."

"म्हणजे दर महिन्याला यायचं इथे."

"दर महिन्याला."

त्याने थोडा विचार केला. मग भिंतीलगतच्या बाकावर बसला, वरच्या खिशातून घडीचा कागद काढून मांडीवर पसरला, आणि सदऱ्याच्या बाहीने तो सारखा केला. बस थांब्याच्या पलीकडे कागद कोरा होता. तिथे त्याने बस थांब्यापासून एक सरळ रेघ ओढली, टोकाला चार मजल्यांची इमारत काढली, अगदी तळघरासकट. पेन्सिल रेघेच्या टोकावर अडली. त्याने वर पाहिलं.

"इथून बाहेर पडल्यावर गं," त्याने विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

आयुष्यात त्याने कुणाला वाट विचारली नव्हती. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली, कागदाचं उडणारं टोक बोटाने दाबून धरलं आणि म्हणाली, "डावीकडे."